न चाखलेली चटणी

दामोदरभट,

काल तुमचं तेरावं झालं. साठ पानं उठली. लोक पोटभर जेवले आणि पोटभर खोटं बोलले. नऊ वर्षांत ज्यांनी कसबा पेठेतल्या तुमच्या बिऱ्हाडाचा उंबरा ओलांडला नाही, ते काल एकमेकांना सांगत होते, "असा आचारी पुन्हा होणे नाही." एकानं तर डोळे पुसले. मी जवळून पाहिलं. मिरचीचा हात डोळ्याला लागला होता.

मी रडलो नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सखाराम, रडायचं तर चुलीपासून लांब जाऊन रड. उकड बिघडेल." बोलण्याची तुमची ही तऱ्हा. आणि तरी तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हातातली परात खाली ठेवली, आणि ती कशासाठी उचलली होती हे मला घटकाभर आठवेना.

मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम बहुधा मरायला टेकलेल्या कुणीतरी केला असावा. मी तुमच्याबद्दल वाईट बोलतच आलो आहे, तेही तुमच्या तोंडावर, त्यामुळे आताच थांबायचं काही कारण दिसत नाही. शिवाय मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती नऊ वर्षं राहून गेली. तिथपर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल, तेवढा धीर धरा. तुम्हाला आता दुसरं काम नाही.

तुम्ही गर्विष्ठ होतात, हे आधी सांगून टाकतो. कोकणातून घाट चढून पुण्यात आलात ते एक पंचा, एक तांब्या आणि एक नाक घेऊन. पंचा फाटला, तांब्या गळका झाला, नाक मात्र वर्षागणिक वाढत गेलं. आपण दोघांनी एकाच सरदारांच्या मुदपाकखान्यात अकरा वर्षं चुलीपुढे काढली. माझ्याकडे उकडीचं सगळं, म्हणजे मोदक, दिंडं, तिखट करंज्या. तुमच्याकडे पानाची डावी बाजू, म्हणजे चटण्या, कोशिंबिरी, लोणची. माणसं उजव्या बाजूला जेवतात आणि डाव्या बाजूला नुसतं बोट लावतात, हे मी तुम्हाला पहिल्याच वर्षी सुनावलं होतं.

"बोट लावतात म्हणून तर तुझी उजवी बाजू घशाखाली उतरते," तुम्ही म्हणालात.

तुमचा सिद्धांत असा होता, की तळलेला पदार्थ बोलका असतो आणि उकडलेला मुका. त्याच्या वतीनं चटणीला बोलावं लागतं. म्हणून करंजीच्या पोटात काय आहे हे विचारल्याशिवाय तुम्ही पाट्याला हात लावत नसायचात. पुरण असेल तर चटणी नाहीच, साजूक तूप. मुगाच्या डाळीचं सारण असेल तर आलं-मिरचीची, ताकात कालवलेली. ओल्या तुरीच्या दाण्यांचं असेल तर आंबट हवीच, कारण ते दाणे जिभेला गोड लागतात आणि घशात कोरडे पडतात. इथवर मला सगळं मान्य होतं. मान्य आहे असं मी कधी म्हटलं नाही, एवढंच.

भांडण पुढे होतं. आंबट म्हणजे काय? तुम्हाला आमसूल आणि ओला नारळ. मला चिंच, गूळ आणि भाजलेले तीळ. तुमचा नारळ बैलाच्या पाठीवर बसून घाट चढून येणार, आणि येईपर्यंत त्याचं निम्मं पाणी आटलेलं असणार. माझे तीळ इथल्याच मातीतले. तुमची चटणी पातळ, तिला द्रोण लागायचा. करंजी तिच्यात बुडवा, वर काढा, ठिबकत ठिबकत तोंडापर्यंत न्या, आणि वाटेत धोतराचं वाटोळं करा. माझी चटणी घट्ट. पानावर जागच्या जागी बसणारी, करंजीच्या मुरडीला चिकटणारी, शेजारच्या भातावर स्वारी न करणारी.

"लावून खाल्लं की चटणी पाहुण्यासारखी दारात उभी राहते," तुम्ही म्हणायचात. "बुडवून खाल्लं की घरात येते."

"बुडालेलं कुणी घरात येत नसतं, दामोदरभट. त्याला परस्पर नदीवर नेतात."

यावर तुम्ही हसायचात आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा सुरू करायचात. अकरा वर्षं! एवढ्या काळात माणसं अटकेपर्यंत जाऊन परत येतात. आपण द्रोणाच्या पलीकडे गेलो नाही.

खाणारे तरी कसे होते! पागेवरचे लोक करंजी आख्खी तोंडात टाकायचे, चटणी कुठली आहे हे पाहायचेच नाहीत. आणि दरबारी मंडळी? ती चटणीचा द्रोण वरणाचा समजून भातावर उपडा करायची आणि मग म्हणायची, "वा, आज आमटी झकास." अशांसाठी तुम्ही पहाटेपासून आमसुलं भिजत घालायचात आणि नारळाचा चव तीनदा वाटायचात. मी तुम्हाला मूर्ख म्हणायचो. तुम्ही होतातच. फक्त मीही तुमच्या शेजारी बसून प्रत्येक करंजीला मुरड मोजून घालत होतो, हे मी सोयीनं विसरायचो.

आता नाकाचं बोलतो. काल जो तो त्याचंच कौतुक करत होता. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही, हे सगळ्याच आचाऱ्यांना लागू. देवानं खाण्याआधी जिभेला कण लागला की सगळा स्वयंपाक उष्टा. म्हणून आम्ही बाकीचे मीठ मापानं घालतो, आणि वर हातही जरा आखडता ठेवतो. कमी पडलं तर पानात वरून वाढता येतं. जास्त झालं तर पान सोडून पळता येत नाही. तुम्हाला माप नको होतं. तुम्ही पातेल्यावर वाकायचात, डोळे मिटायचात आणि म्हणायचात, "बरोबर आहे."

"मिठाला वास नसतो, हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं," मी म्हणालो होतो.

"मिठाला नसतो रे. मीठ पडलं की मिरचीला येतो."

ही असली उत्तरं तुम्ही कुठून आणायचात कोण जाणे. मी घरी जाऊन पाहिलं. अळणी मिरचीचा वास घेतला, मीठ घालून घेतला. फरक होता. रात्रभर चिडचिड झाली. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग ते बरोबरच सांगत होते की." त्या बाईनं कधी माझी बाजू घेतली नाही.

एक उपकार मात्र आहे. तो तुम्ही मला विसरू दिला नाहीत, त्यामुळे आता मीही विसरणार नाही. माझं पहिलंच वर्ष होतं. पाणी पुरतं उकळायच्या आधी मी पीठ टाकलं, उकड कच्ची राहिली आणि चाळणीत चाळीस करंज्या फुटल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. नोकरी लागून वीस दिवस झाले होते. तुम्ही पुढे झालात. सगळ्या फुटक्या करंज्या परातीत घेतल्यात, सारणासकट मळल्यात, जिरं-मिरची-कोथिंबीर घातलीत, चपट्या निवगऱ्या थापल्यात आणि पुन्हा वाफेला लावल्यात. कारभारी आले तर त्यांना म्हणालात, "आज मीच याला निवगऱ्या करायला सांगितल्या. माझ्या चटणीला त्याच बऱ्या." माझी नोकरी राहिली. त्यानंतर दर पंधरवड्याला तुम्ही चारचौघांत विचारायचात, "काय सखाराम, आज निवगऱ्या की करंज्या?" उपकार करावा तर असा. फेडताही येऊ नये आणि गिळताही येऊ नये.

आणि मग ती माघातली चतुर्थी आली.

धनी उत्तरेच्या स्वारीवरून परतले होते, साताऱ्याहून पाहुणे आले होते, शंभरावर पानं होती. नैवेद्याला ओल्या तुरीच्या दाण्यांच्या करंज्या आणि तुमची आमसुलाची चटणी. तुम्हाला सर्दी झाली होती. आदल्या रात्रीपासून नाक चोंदलेलं, डोळे लाल. मी म्हणालो, "आज मापानं घाला." तुम्ही म्हणालात, "माप तुला. मला सवय आहे."

सवय होती, तेच नडलं. मिरची-आलं वाटताना तुम्ही नेहमीसारखं पाट्यावरच मीठ घातलंत. मिठाशिवाय मिरची नीट वाटली जात नाही. मग चटणी पातेल्यात काढून आमसुलाचं पाणी घातलंत आणि वाकून वास घेतलात. वास कुठला यायला? नाकच बंद. मी करंज्या चाळणीत लावत होतो. तुमचा हात मिठाच्या मडक्यात गेलेला मी पाहिला. एकदा घातलेलं तुम्ही पुन्हा घातलंत.

तुम्ही सोवळ्यानं पाणी आणायला गेलात. पातेलं माझ्या हाताशी होतं. मी बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

होय. चाखली. उभ्या जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं. चटणी कशी होती सांगू? समुद्र. तुमच्याच गावचा.

सुधारायला अवकाश होता. कोपऱ्यात नारळ पडले होते. चार नारळांचा चव आणि मूठभर गूळ, फार तर अर्धी घटका. पण सांगणार कसं? "खारट आहे," म्हटलं तर "तुला काय माहीत?" आणि "चाखली," म्हटलं की सगळा स्वयंपाक बाहेर, शंभर पाहुणे उपाशी, देव उपाशी आणि मी रस्त्यावर. म्हणून मी गप्प बसलो. नऊ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की बाबा रे, तुझे हात नियमानं बांधलेले होते.

थापा. चाखलेलं सांगायची गरजच नव्हती. तुम्ही पाणी घेऊन आलात तेव्हा "दामोदरभट, पाट्यावर मीठ घातलं होतंत का?" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. तुम्ही कपाळावर हात मारला असता, नारळ फोडला असता, आणि वर मलाच चार शब्द ऐकवले असते. मी विचारलं नाही, कारण मला पाहायचं होतं. शंभर माणसांसमोर तुमचं ते नाक खाली झालेलं एकदा मला पाहायचं होतं. अकरा वर्षं माझ्या निवगऱ्या काढत होतात ना!

पाहिलं मग. मुख्य पाहुण्यांनी करंजी बुडवली, तोंडात घातली आणि तांब्याकडे हात नेला. मग शेजारच्यांनी. मग पंगतभर तांब्यांचा आवाज. कारभारी आत आले. "डावी बाजू कुणाची?" त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच.

"माझी," तुम्ही म्हणालात. "मीठ बरोबर आहे."

"आता नैवेद्य झालाय. चाखा."

तुम्ही चाखलीत. द्रोण खाली ठेवलात. सर्दी होती, असं सांगता आलं असतं. सबंध मुदपाकखान्यानं तुम्हाला सकाळपासून शिंकताना ऐकलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्या हातून झालं." आणि माझ्याकडे पाहिलंत. मी चाळणीचं झाकण पुसत होतो. ते स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. डावी बाजू माझ्याकडे आली. मी आमसुलं बंद केली, द्रोण बंद केले, आणि तिळाची घट्ट चटणी पानावर आली. लोकांनी तोंडभर वाखाणली. ज्यांना वरण आणि चटणी यातला फरक कळत नव्हता त्यांनीच वाखाणली, त्यामुळे मला तिचं सुख झालं नाही.

तुम्ही कसब्यातच, तांबट आळीच्या मागच्या बोळात राहायला गेलात. दिवसभर हातोड्यांचा ठोका आणि तुम्ही कुणाकुणाच्या घरची श्राद्धपक्षं रांधत हिंडताय. नाक गेलं होतं म्हणे तुमचं. सर्दीनं नव्हे. लोक म्हणायचे, दामोदरभट आता मीठ मोजून घालतात, आणि मोजून झालं की पुन्हा मोजतात. हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तेव्हा तरी यायला हवं होतं मी. बोळाच्या तोंडापर्यंत आलो होतो. तांबटांच्या आवाजात काय बोलणार, असं म्हणून परत फिरलो. कारणं शोधण्यात मी तरबेज आहे.

माघातल्या चतुर्थीला तुम्ही मात्र दरवर्षी पंगतीला यायचात. ज्या घरानं हाकललं त्याच घरी धुतलेलं धोतर नेसून, ब्राह्मण म्हणून. मी वाढायला यायचो.

"कशी आहे?" मी विचारायचो.

"आहे."

"मीठ?"

"आहे."

करंजी खायचात, चटणीला शिवायचा नाहीत. पान उचलताना ती तिथेच असायची, बोटाचा ठसासुद्धा नाही. मला वाटायचं, काय ही खोड माणसाची. एवढी अद्दल घडली तरी आमसूल काही डोक्यातून जात नाही.

तर काल. वहिनींनी निरोप पाठवला, की तेराव्याचा स्वयंपाक सखारामभावजींनीच करावा. मी केला. गोडाबरोबर तिखट करंज्या केल्या, आणि आमसुलाची चटणी, पातळ, द्रोणात. मीठ मापानं. कारभारी आले होते, आता पार थकलेत, पण जेवायला थकलेले नाहीत. तिसरी करंजी बुडवताना म्हणाले, "काय नाक होतं हो दामोदरभटांचं! ती एक चूक झाली त्यांच्या हातून. माणूस आहे, चुकायचंच. आम्ही तर कधीच मनातून काढून टाकलं."

काढून टाकलं! माणसाला काढून टाकलं आणि मग चूक मनातून काढून टाकली. माझ्या हातात करंज्यांची परात होती. ती मी खाली ठेवली आणि म्हणालो, "चटणी खारट झाल्याचं मला आधीच माहीत होतं. मी चाखली होती. नैवेद्याआधी."

पंगत थांबली. मला वाटलं, आता तुमचं नाव निघेल. कुणी तरी म्हणेल, अरेरे, बिचारा.

"म्हणजे त्या वर्षीचा नैवेद्य उष्टा गेला?" कारभारी म्हणाले.

"गेला."

झालं. मग जो तो हिशेबाला लागला. त्या वर्षी धन्यांना हिवताप आला होता, तो यामुळेच. पागेतली पांढरी घोडी मेली, तीही यामुळेच. एकाला मुलगी झाली होती, त्यालाही कारण सापडलं. शास्त्रीबुवांनी हातातला घास खाली ठेवून मला विचारलं, "बोट तोंडात नेमकं कुठवर गेलं होतं? दातापर्यंत, की जिभेपर्यंत?" मी म्हणालो, "पोटापर्यंत." प्रायश्चित्त किती, यावर पानावरच वाद जुंपला. कारभारी मला म्हणाले, उद्यापासून येऊ नका. एवढं सगळं बोलले, पण तुमचं नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही. आणि एवढं होऊनही कुणी करंज्या परत पाठवल्या नाहीत. तुमचा द्रोण तर बोटानं पुसून रिकामा केला.

माझी नोकरी गेली, त्याचं काही नाही. वीस वर्षं झाली, गुडघेही गेलेत. मी माजघराच्या दाराशी गेलो. वहिनी आत भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. चाखल्याचं सांगितलं, आणि न विचारल्याचंही सांगितलं. का विचारलं नाही तेही.

त्यांनी माझं बोलणं पुरं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "हे मला कशाला सांगता, भावजी? मी काय करू याचं?"

मी उंबऱ्याशी खाली बसलो.

"नऊ वर्षं ते तुमच्यासमोर पानावर येऊन बसत होते," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायचं होतंत."

म्हणून सांगतो आहे. दामोदरभट, चूक तुमच्या हातून झाली, पण ती पंगतीत गेली ती माझ्यामुळे. मला माहीत होतं. मला थांबवता येत होतं, आणि मी झाकण पुसत उभा राहिलो. तुमची चटणी चांगली होती. पातळच चांगली होती. माझं चुकलं.